सुकरूभाऊंची सही

सुकरूभाऊंना "चहा घेता का?" असं विचारलं, तरी ते आधी शेजारी बसलेल्यांकडे पाहायचे. मग म्हणायचे, "यायले पुसा. हे घेतात तं मीबी घेतो." पहिल्या भेटीत मला वाटलं, माणूस भिडस्त आहे. दुसऱ्या भेटीत वाटलं, बेरकी आहे. तिसऱ्या भेटीपर्यंत माझा धीर सुटत चालला होता, कारण मला त्यांच्यावर फिल्म करायची होती आणि साध्या चहाला हा माणूस एकट्याने हो म्हणत नव्हता.

मी चंद्रपूरची. अब्बांचं गाद्या आणि सोफे शिवायचं दुकान. परदेशातल्या एका लहानशा फिल्म स्कूलमध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि मी गेले. अकरा देशांतली आम्ही अठरा मुलं एका जुन्या डेअरीच्या इमारतीत शिकायचो. प्रत्येकाचं इंग्रजी आपापल्या देशातून आलेलं, त्यामुळे वर्गात कुणाचं काही चुकलं तरी कुणाला कळायचं नाही. शेवटच्या वर्षी नियम असा, की आपल्या मुलखात जायचं, एका माणसावर वीस मिनिटांची फिल्म करायची आणि ती परीक्षकांना दाखवायची. तेव्हा पदविका मिळणार. मी गडचिरोलीपलीकडच्या धानोऱ्याकडे निघाले तेव्हा अब्बा म्हणाले, "गडचिरोलीची बस तं आपल्या दुकानासमोरून जाते. तिच्यात बसाले इतक्या दूर जाऊन आली का?"

धानोऱ्याच्या पुढे, जंगलातलं गाव. नाव लिहीत नाही, त्यालाही गावाला विचारावं लागेल. तिथे मतदान होत नाही. महिन्याला ग्रामसभा बसते आणि एक जरी माणूस नाही म्हणाला, तरी विषय पुढच्या सभेवर जातो. सुकरूभाऊ सरपंच नव्हते, कुणीच नव्हते. सभेच्या आदल्या दिवशी घरोघर जाऊन "उद्या सभा हाय" एवढं सांगायचं, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःकडे घेतलं होतं. साठीचे, काटक. सभेत ते फार बोलत नसत. कुणी नाही म्हटलं, की आपली जागा सोडून त्याच्याजवळ जाऊन बसत. मला वाटायचं, समजूत घालायला जातात. एकदा विचारलं तर म्हणाले, "नाई. एकटा असला तं मानसाले नाई म्हनाले भेव लागते."

चित्रीकरणाच्या परवानगीचा कागद पहिल्याच दिवशी सही करून घ्यायचा, हे आम्हाला शाळेत पाठ करून घेतलं होतं. मी तो काढलाही होता. पण मोहफुलांचे दिवस होते. फटफटायच्या आत सगळं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली. त्या महिन्याच्या सभेने घाईघाईत ठरवलं, "काढाले हरकत नाई. दाखवाचं मंग पाहू." मला वाटलं, झालंच की. माझ्यासारखी शहाणी मीच. पंधरा दिवस मी सुकरूभाऊंच्या मागे कॅमेरा घेऊन फिरले. त्यांच्या कॉलरला माईक लावला, तर ते दर सकाळी स्वतःहून मान पुढे करायचे आणि दिवसभर त्या माईकला धक्का लागू नये म्हणून डोक्यावर ओझं घेत नसत. त्यांची बायको चिडायची. "दोन टोपल्या मी आनू का?" म्हणायची. ते म्हणायचे, "पोरीचं शिक्षण चालू हाय."

हिवाळ्यात मी फिल्म जुळवून लॅपटॉपवर घेऊन परत आले. मार्चमध्ये परीक्षा. बसमधून उतरले ती थेट सभेतच गेले. दुपारी समाजमंदिरात सगळे बसलेले. मी कागद मराठीत वाचून दाखवला. त्यात होतं, की हे चित्रीकरण विश्वात कुठेही, कायमस्वरूपी दाखवण्याचा हक्क मी देत आहे.

"विश्वात म्हंजे?" सुकरूभाऊंनी विचारलं.

"म्हणजे सगळीकडे, भाऊ. पृथ्वीच्या बाहेरसुद्धा."

"तिथी कोन पाह्यते?"

"कुणी नाही. वकिलांची लिहायची पद्धत असते."

"कोनी नाई तं लिहिते कायले?" आणि लगेच, "अन् कायमचं म्हंजे, उद्या माह्या नातवाले नाई म्हनता येईल का?"

"नाही."

"मंग आमी कसं हो म्हनाचं? तो तं सभेत आलाच नाई."

त्यांच्या नातवाचा तेव्हा पत्ताच नव्हता, मुलाचं लग्नही व्हायचं होतं. सभा खदखदून हसली. मीही हसले. कुणी तरी म्हणालं, आधी पिक्चर तं दाखव. खिडक्या लावल्या, लॅपटॉप खुर्चीवर ठेवला.

सुकरूभाऊ पडद्यावर दिसले तशी पोरं ओरडली. मोहाची झाडं आली, बायकांनी एकमेकींना ढोसलं. आणि आठव्या मिनिटाला गिरजाबाईची मुलगी सगुणा आली. नऊ वर्षांची. डोक्यावर तिच्यापेक्षा मोठी टोपली, टोपली घसरते, ती सावरते आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसते. अकरा सेकंद. माझा सगळ्यात लाडका शॉट. समाजमंदिरातल्या सगळ्या माना एकदम गिरजाबाईकडे वळल्या. मला कळेना काय झालं. शेजारच्या बाईने कानात सांगितलं, पावसाळ्यात तापाने गेली.

मी बंद करायला हात पुढे केला, तर गिरजाबाई म्हणाली, "चालू दे." फिल्म संपली. तिने तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. तीनदा पाहिला. मग म्हणाली, "हे बाहेर दाखवू नको."

मी म्हटलं, "बाई, मी तेवढा भाग कापते."

"कापू नको," ती म्हणाली. "कापून तिले कुठी टाकशील?"

सुकरूभाऊ उठले आणि गिरजाबाईजवळ जाऊन बसले. विषय पुढच्या सभेवर गेला.

टेकडीवर जाऊन फिल्म स्कूलमधल्या आमच्या बाईंना फोन केला. त्या भल्या होत्या. म्हणाल्या, मुख्य माणसाची सही आण, तेवढी पुरे. आता सगळं सुकरूभाऊंच्या एका सहीवर आलं. त्यांना सही येत होती, सातवीपर्यंत शिकले होते. मी त्यांच्या अंगणात कागद आणि पेन घेऊन बसले. आधी विनवलं. मग समजावलं. मग, लिहायला लाज वाटते, पण आवाज चढवला. तीन वर्षं वाया जातील म्हटलं. तुम्ही गिरजाबाईला एक शब्द बोललात तर ती ऐकेल, हेही म्हटलं.

"आयकंल," ते म्हणाले. "म्हनून तं बोलत नाई. समजावलं तं मानूस हो म्हनते. पन ते हो त्याचं नसते, समजावनाऱ्याचं असते."

"मग माझं काय?"

ते बराच वेळ हातातलं पेन बंद-उघड करत राहिले. "तुह्यं नुकसान होऊन राह्यलं, ते मले दिसून राह्यलं. तिचंबी दिसते. दोनीकडचं दिसते पोरी, म्हनून मले काईच करता येत नाई." आणि त्या माणसाचे डोळे भरून आले. मला त्या क्षणी त्यांचा अतोनात राग आला होता. रडायचं मी, आणि हे कशाला रडतात, असं वाटलं. सडकेपर्यंतचे चार किलोमीटर ते माझा ट्रायपॉड खांद्यावर घेऊन आले. मी पुढे पुढे चालत राहिले. बस आली तेव्हा त्यांच्याकडे न बघता चढले.

परीक्षेच्या दिवशी सतरा फिल्म दाखवल्या गेल्या. मला हजेरीचं प्रमाणपत्र मिळालं. दुसरी फिल्म कर, आपण पुढच्या वर्षी बघू, असं बाई म्हणाल्या. मी चंद्रपूरला परतले आणि लग्नांचं चित्रीकरण करू लागले. हळदीत कुणी परवानगी विचारत नाही.

सुकरूभाऊ मात्र दर महिन्याला फोन करायचे. गावात रेंज नाही, त्यासाठी टेकडीवर चढावं लागतं. "सभा झाली. तुह्या पिक्चरचा विषय घेतला. गिरजाबाई म्हनते, अजून नाई." एवढंच. सुरुवातीला मी फोन घेतच नसे. मग दोन-चार शब्द बोलू लागले. नंतर नंतर तर महिना उलटला आणि फोन आला नाही की मलाच चैन पडत नसे. एकदा त्यांना विचारलं, "भाऊ, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? दाखवावी का?" ते हसले. म्हणाले, "मले तं लय वाटते. इतका चांगला मी घरी कधी दिसलो नाई." फिल्म सगळ्यात जास्त कुणाला हवी होती, हे मला दीड वर्षाने कळलं.

या वर्षी तेंदूपानांचा हंगाम संपला आणि फोन त्यांच्या मुलाचा आला. सुकरूभाऊंनी पोटाचं दुखणं अंगावर काढलं होतं. गडचिरोलीला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी अब्बांना घेऊन पोचले तोवर सगळं उरकलं होतं. सडकेवरच्या त्या दिवसाबद्दल मला त्यांना काही सांगायचं होतं. ते फोनवर सांगू, मग समोर सांगू, असं करत राहून गेलं.

पुढच्या महिन्यात गावाने मला सभेला बोलावलं. येताना लॅपटॉप आण म्हणाले. घरोघर सांगायला आता त्यांचा मुलगा गेला होता. विषय निघाला आणि गिरजाबाई स्वतःच उठली. "दाखव आता सगळ्यायले," ती म्हणाली. "तिच्यासंगं आता सुकरूभाऊ हाय. ती एकटी नाई." सुकरूभाऊंच्या बायकोने मान डोलावली. सभेच्या वहीत लिहिणाऱ्याने एकेकाकडे पाहिलं. सगळ्यांचं हो होतं. त्याने पेन टेकवलं, आणि मग पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. "तूबी बसली हाय सभेत. तुह्यं का म्हननं?"

दोन वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, तो हा. लॅपटॉप मांडीवर होता. ते गेल्यापासून ती फाईल मी उघडली नव्हती. फिल्मच्या पहिल्याच दृश्यात ते माईकसाठी मान पुढे करतात.

"अजून नाही," मी म्हटलं.

का, असं कुणी विचारलं नाही. कुणी समजावलंही नाही. त्याने वहीत लिहिलं, आणि बांबूचा विषय निघाला.