जस्तबाईंचा स्फटिक

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे जस्तबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. प्रथिनं कापणारी काही एन्झाइम असतात, त्यांच्या पोटात जस्ताचा कण असावा लागतो. तो नसेल तर कात्री चालत नाही. अशा एन्झाइमांचं एक मोठं कुटुंब आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या कात्रीमागे एक जादा तुकडा असतो. शास्त्रात त्याला डोमेन म्हणतात. घरातल्या सगळ्यांचं नाक एकसारखं असावं तसा तो दिसताक्षणी ओळखू येतो, पण कशासाठी आहे ते कुणालाच ठाऊक नाही. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं त्या तुकड्याचा आकार शोधण्यात घातली. लग्नाचं विचारलं की म्हणायच्या, आधी याचं जमू दे. मला ते खूळ वाटायचं, आणि मी तसं बोलूनही दाखवायचो.

आकार कळायला प्रथिनाचा स्फटिक लागतो, आणि तो काही होत नव्हता. तुकडा एकटा टिकत नसे, म्हणून बाई तो कात्रीसकट घेत आणि द्रावणात किंचित जस्त घालत. अखेर एका थेंबात स्फटिक उगवला, टोकदार आणि देखणा. त्याच आठवड्यात आमच्या प्रकल्पाच्या मुदतवाढीसाठी समिती बसणार होती. मुदतवाढ नाही तर बाईंची नोकरी गेली, आणि माझीही. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी स्फटिकाचा फोटो सादरीकरणात पहिल्याच पानावर डकवला. बाईंच्या आईनं तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं.

बाई मात्र भिंगातून बघतच राहिल्या. त्यांना तो जरा जास्तच रेखीव वाटत होता. थेंबात फॉस्फेट होतं, आणि जस्त व फॉस्फेट एकत्र आले की त्यांचं मीठ धरतं, तेही असंच चमकतं. प्रथिन की मीठ ते क्ष-किरण यंत्र सांगतं, पण त्यावर आमची पाळी समितीनंतर होती. त्याआधी कळायचं तर सुई टोचणं एवढाच उपाय. प्रथिन असेल तर लगेच भुगा होतो. मीठ दाद देत नाही, जोर लावला की कट्ट करून तुटतं. काहीही असलं तरी हा स्फटिक जाणारच होता.

"बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची," सर म्हणाले. "समिती होऊ द्या, मग काय टोचायचं ते टोचा."

मलाही सरांचं पटत होतं, अजूनही पटतं. मी तसं म्हणालो. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि सुई उचलली.

कट्ट असा बारीक आवाज आला. सर बाहेर निघून गेले. मला बाईंचा इतका राग आला की त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी सुई पुसून ठेवली आणि आईला फोन लावला. आईला कमी ऐकू येई, म्हणून स्पीकर लावावा लागे.

"आई, तो स्फटिक खरा नव्हता गं. मीठ निघालं."

"आता मी सगळ्यांना काय सांगू?"

"मीठ होतं म्हणून सांग."

"कुणी शोधून काढलं?"

"मीच."

"मग तेच सांगते," आई म्हणाली.