बाबांसाठी भरून आणलेली गाणी

आमच्या बाबांच्या तोंडी ‘रेकॉर्डिंग’ हा शब्द कधी आला नाही. ते ‘भरणं’ म्हणायचे. रेल्वेत नोकरीला होते तेव्हा सदर बाजारातल्या एका दुकानात कोरी कॅसेट नेऊन द्यायचे, कोणती गाणी हवीत ते सांगून यायचे आणि काही दिवसांनी भरलेली कॅसेट शर्टाच्या खिशात घालून आणायचे. त्यामुळे त्या संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन ते हळूच म्हणाले, “रविवारी त्याचं गाणं भरून आण,” तेव्हा मला लगेच कळलं.

‘त्याचं’ म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं. बाबांनी ओळखीनं त्याला शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चिकटवलं होतं. वर्षभर तो धुळीनं माखून घरी येत राहिला आणि एक दिवस नोकरी सोडून आला. तीन मित्रांबरोबर त्यानं बँड काढला होता. तो गायचा आणि गिटार वाजवायचा. बाबांनी त्या दिवशी फार आवाज केला. तुझ्या कुठल्याही कार्यक्रमाला मी पाय ठेवणार नाही, असंही बोलून गेले. मग दोघांमध्ये बोलणं उरलं ते जेवला का, गॅस आला का, एवढंच. आमचं घर बूढ़ापारा या जुन्या वस्तीतलं, भिंतीला भिंत लागलेलं. भाऊ वरच्या खोलीत गात असला की बाबा खाली टीव्हीचा आवाज वाढवायचे. पण कधी कधी ते नुसतेच बंद टीव्हीसमोर बसलेले मला दिसायचे.

मी म्हटलं, तुम्हीच चला की. ते म्हणाले, “मले नाही जमणार तिथं. तुझ्याजवळ ते मुलाखतीचं यंत्र आहे न? त्यात आण. त्याले सांगू नको.”

यंत्र होतं. मी ज्या संस्थेत काम करते तिथं गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून छत्तीसगढी गाणी आणि गोष्टी टिपून आणायच्या असतात. त्यासाठी हाताच्या पंजाएवढा एक रेकॉर्डर मी स्वतःच घेतला होता. अडचण दुसरीच होती. बँडच्या आधीच्या एका कार्यक्रमात कुणीतरी फोनवर काढलेला तुकडा सगळीकडे फिरला होता. त्यात भावाचा आवाज फाटला होता आणि लोक हसले होते. तेव्हापासून चौघांनी ठरवलं होतं की आपला अल्बम निघेपर्यंत कुणालाही काही रेकॉर्ड करू द्यायचं नाही.

रविवारचा कार्यक्रम एका क्लबात होता. क्लब म्हणजे शंकरनगरकडच्या एका कॉम्प्लेक्सचं तळघर. एरवी तिथं कॉफी मिळायची, रविवारी दुपारी टेबलं भिंतीला लावून जागा मोकळी करायचे. भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवले होते, आवाज घुमू नये म्हणून. जिन्याशी बँडचा ड्रमवाला उभा राहून प्रत्येकाला फोन बॅगेत ठेवायला सांगत होता. मला पाहून त्यानं हात जोडले, “दीदी, आप आ गईं, बहुत अच्छा हुआ,” असं म्हणाला, आणि माझी पर्स बघण्याचं त्याच्या मनातही आलं नाही.

खेड्यापाड्यात फिरून एक गोष्ट मी शिकले होते. यंत्र अंगावर ठेवलं की कपड्यांची सळसळ भरली जाते. मंचाच्या उजवीकडच्या खांबाला एक खिळा होता. मी पर्स त्याला अडकवली, चेन उघडी ठेवली आणि रेकॉर्डर रुमालात उभा केला. त्याचा लाल दिवा अंधारात चांगलाच दिसत होता. कपाळावरची टिकली काढून मी त्यावर लावली. मग खांबाला टेकून उभी राहिले.

पहिली गाणी फार जोरात होती. ड्रमचा दणका छातीत बसत होता. कॉलेजची पोरं उड्या मारत होती, आणि मधे उभा असलेला माझा भाऊ मला अनोळखी वाटत होता. घरी मान खाली घालून जेवणारा, विचारलं तर ‘हव’ म्हणून उठून जाणारा पोट्टा तो हाच का, असं वाटत राहिलं. त्यानं स्वतः लिहिलेली हिंदी गाणी होती. एक उरल्याच्या कारखान्यातल्या रात्रपाळीवर होतं. ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्याच गाण्याच्या मध्यात लाईट गेली. क्लबच्या इन्व्हर्टरवर फक्त एक ट्यूब आणि पंखा चालायचा. गिटारचा आवाज एकदम मेला, माइक मेला. लोक ओरडले, मग हसले. मला वाटलं, झालं, आता हा थांबणार.

तो थांबला नाही. ड्रमवाल्यानं काठ्या बाजूला ठेवून बोटांनी ठेका चालू ठेवला. भावानं गिटार उतरवून ठेवली, मंचावरून खाली आला आणि नुसत्या गळ्यानं पुढची ओळ उचलली. लोक आपोआप गप्प झाले. गात गात तो माझ्या खांबापर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला, माझ्याकडे बघत. पर्स त्याच्या खांद्याला लागत होती. गाणं संपलं तेव्हा त्यानं विचारलं, “आई नाही आली?” मी मान हलवली. आईला गुडघ्यांमुळे तो जिना जमला नसता. बाबांबद्दल त्यानं विचारलं नाही.

मी घरी आल्यावर बाबांनी इयरफोन लावून मागच्या अंगणात बसून ते ऐकलं. पहिल्या गाण्याला त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा एक इयरफोन काढून म्हणाले, “हे मधे काहून बंद पडलं?”

“लाईट गेली होती.”

“आणि तो गातच राहिला?”

“हो.”

त्यांनी इयरफोन परत कानात घातला आणि चहा तसाच राहू दिला.

अल्बम निघाला नाही. एकाला बंगळूरला नोकरी लागली, एकाचं लग्न झालं, ड्रमवाला भिलाईला गेला. भाऊ नागपूरला एका शाळेत संगीत शिकवायला लागला आणि सणासुदीला घरी येऊ लागला. त्या क्लबच्या जागी आता टाइल्सचं दुकान आहे.

एका दिवाळीत तो कुणाला न सांगता लवकरच्या गाडीनं आला. बाबांना आता कमी ऐकू येतं, म्हणून मी मोबाईलवर घालून दिलेली ती गाणी ते मोठ्यानं लावतात. दारातच त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. तो सरळ अंगणात गेला. बाबांनी फोन लपवायचा प्रयत्न केला, पण गाणं चालूच राहिलं.

“ये कहाँ से आया?” त्यानं विचारलं. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, चिडेल. तो बाबांजवळ खाली फरशीवर बसला आणि गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत राहिला.

बाबा थोड्या वेळानं म्हणाले, “इथं पाहा. लाईट गेल्यावर तू घाई करून राहिला. याच्या आधीचं कडवं कसं सावकाश म्हटलं.”

“बाबा, ठेका तो वही था.”

“नाही. लाव परत.”

त्यानं परत लावलं. दोघं त्या एका जागेवरून वाद घालू लागले. आईनं फराळाला दोनदा हाक मारली. शेवटी तिनं दोन ताटल्या तिथंच नेऊन ठेवल्या.