हालीचा बट्टा

ट्रंकेच्या तळाशी चारमिनारचं चित्र असलेला एक हाली रुपया आज हाताला लागला आणि तोंड कडू झालं. माझं माहेर मोगलाईत, नळदुर्गाजवळ. तिथं निजामाचा हाली चालायचा, सोलापुरात इंग्रजांचा कलदार; हाली हलका, कलदार भारी. हुंडा ठरला तीनशे रुपये, पण कुठले रुपये हे कुणी बोललंच नाही. लग्न सोलापूरच्या भवानी पेठेत, मुलाच्या दारी होतं. मी ओल्या हळदीच्या अंगानं आत गौरीहरापाशी तांदूळ वाहत बसले होते, तेवढ्यात बाहेर वडिलांनी थैली मोकळी केल्याचा आवाज आला. सासरे कडाडले, “ह्ये हाली हायत की! हितं कोण घेतंय?” वडील म्हणाले, “आमच्याकडं रुपया म्हंजी ह्योच, पावणं.” मग एक तरणा आवाज अगदी शांतपणे म्हणाला, “आजच्या बट्ट्यानं तीनशे कलदारला साडेतीनशे हाली. पन्नास कमी पडतात.” मुलगा सराफाच्या पेढीवर कारकून आहे हे मला ठाऊक होतं, नवऱ्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. आईनं माझ्यासमोर गळ्यातली बोरमाळ उतरवून दिली, तेव्हा कुठं अंतरपाट धरला गेला. निघताना वडिलांनी हा रुपया माझ्या मुठीत दाबला. “हितं चालायचा न्हाय, पर ठिव.” पुढं चाळीस वर्षं संसार केला. ह्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. लोक विचारतात, त्यांचा आवाज आठवतो का? आठवतो की. पन्नास कमी पडतात.