भित्रे अण्णा आणि सासूबाईंचा आवाज

अण्णा कुठलंही मशीन उघडायला बसले की डावा हात पाठीमागे नेत आणि करदोट्यात अंगठा अडकवून ठेवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हात मोडलाय बिचाऱ्यांचा. मी तसं विचारलंही. म्हणाले, "दोन्ही हात घातले की करंट ह्या हातानं शिरतो, काळजातनं जातो न् त्या हातानं निघतो. भ्या की जरा, जावई!"

जावई अशासाठी, की माझी बायको सुमित्रा त्यांच्या औरादची. तिथं अण्णांचं व्हिडिओ सेंटर होतं. टेम्पोत टीव्ही आणि व्हीसीआर घालून ते गावोगाव पिक्चर दाखवत. पुढे धंदा बसला आणि ते बिदरला, मैलूरमध्ये मुलाकडे राहायला आले. सोबत एकच व्हीसीआर आणला. आमच्या ओळखीत चालू स्थितीतला तेवढाच.

माणूस मात्र कमालीचा भित्रा. पालीला भ्यायचे, मिक्सरला भ्यायचे, घरात कुकर लावला की अंगणात जाऊन बसायचे. आणि याची लाज तर नाहीच, उलट मिजास. "न भिणारा मिस्तरी म्हंजे लोकाच्या घराला आग," असं ते छाती पुढे काढून सांगत.

आमच्या नातीचं बारसं रविवारी होतं. आमच्या मुलाच्या बारशाला सासूबाईंनी म्हटलेला अर्धा मराठी, अर्धा कानडी पाळणा एका व्हिडिओ कॅसेटवर होता. सासूबाई गेल्या. त्यांचा आवाज उरला तो तेवढाच. नातीच्या पाळण्यापाशी तोच लावायचा, असा सुमित्राचा हट्ट. मी कॅसेट शर्टात घालून, वीर पुरुषासारखा, तिच्यासह मैलूरला गेलो.

अण्णांनी आधी स्वतःची एक कॅसेट लावून पाहिली. चित्र छान, आवाज छान. मग आमची घातली. हिरव्या इरकलीतल्या सासूबाई पडद्यावर आल्या. पाळण्याची दोरी धरून त्यांनी तोंड उघडलं आणि टीव्हीतून आवाज आला तो पिठाच्या गिरणीचा. खर्रर्र! सुमित्रानं माझी बाही घट्ट धरली.

"दोन थापट्या मारू का मशीनला?" मी मदतीच्या भावनेनं विचारलं.

"तुमी तिकडं बसा," अण्णा म्हणाले. वायर बदलली. तेच. मग पुन्हा आपली मघाची कॅसेट लावली, तर आता तीही खरखरायला लागली. अण्णांचा चेहरा उतरला. "सुमी, ह्या टेपनं माझ्या मशीनला रोग लावला बघ."

त्यांनी कॅसेटचं झाकण वर केलं, वास घेतला आणि चमकून विचारलं, "एरंडेलाचा वास कामून येतोय ह्याला?"

आता हे सांगायलाच हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ती डब्यात भरतात. वर्षभर किडा लागत नाही, ओल धरत नाही. तेव्हा मी विचार केला, की डाळ टिकते तर कॅसेट का टिकणार नाही? आणि ती डाळीत पुरली. पिशवीबिशवी न घालता. या शोधाचा मला इतका अभिमान होता, की तो मी तिथंही सविस्तर समजावून सांगितला.

सुमित्रानं नुसतं माझ्याकडे बघितलं. अण्णांच्या पालीपेक्षा ते भयंकर होतं.

"आवाजाची पट्टी टेपच्या काठाला असती, चित्र मधी," अण्णा म्हणाले. "तुमच्या डाळीचा भुगा न् तेल काठालाच बसलंय. आवाजाच्या हेडावर त्येचाच लेप चढलाय. मी लावत न्हाई आता. गुतली तर तुटतीय."

"अण्णा, रविवारी बारसं हाय!" सुमित्रा कळवळली.

"न्हाई म्हणलो ना!" आणि मग खाली मान घालून बोलले, "संतपूरची एक बाई आलती एकदा. ल्योक गेलता तिचा. त्येचं हालतं-बोलतं चित्र तेवढं एका टेपीत. माझ्या मशीननं ती खाल्ली. मला शिवी द्यायची, तर न्हाई. टेपीचे तुकडे पदरात भरले न् गेली. तवापासनं भ्यायलोय, पोरी."

सुमित्रा म्हणाली, "न लावता ठिवली तर मला आईचा आवाज कुठं ऐकू येणाराय? लावा. तुटली तर माझं नशीब."

अण्णांनी कॅसेट उघडली. चाकं हातानं फिरवत, मलमलीच्या चिंधीनं टेपचा काठ पुसत बसले. हेडाला स्पिरिट लावलं. सुमित्रानं रेकॉर्डिंग लावून मोबाईल टीव्हीशी धरला. जरा वाजायचं, पुन्हा खरखर, पुन्हा बंद, पुन्हा पुसणं. दर वेळी बटण दाबताना अण्णा डोळे मिटत. मला शिंक येत होती. ती मी कशी जिरवली, माझं मला माहीत. अखेर खरखरीतून सासूबाई बाहेर आल्या, घोगऱ्या, ठसकेबाज. पाळणा तुकड्यातुकड्यानं शेवटापर्यंत आला.

आणि शेवटच्या ओळीनंतर मशीन कण्हलं. अण्णांनी वायरच ओढली. आत टेप चाकाला गुंडाळली होती.

"कापा की अण्णा," सुमित्रा म्हणाली, "गाणं तर मोबाईलमधी आलंय."

"कापलेली टेप घिऊन एक बाई माझ्या दारातनं गेलीया. दुसरी जाऊ देत न्हाई," असं म्हणून त्यांनी आम्हाला बाहेर काढलं.

ओसरीवर आम्ही दोघं बसलो. आतून कटकट आवाज येत होता, प्लास्टिक मोडल्याचा. बऱ्याच वेळानं अण्णा बाहेर आले, घामानं निथळत. अखंड कॅसेट त्यांनी सुमित्राच्या ओटीत ठेवली. मागे मशीनचे अवयव सतरंजीवर पसरले होते. ते पुन्हा कधी चालणार नव्हतं.

अण्णा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. मला आठवतात ते बारशातले. बायका पाळण्याभोवती जमल्या, सुमित्रानं तुकडे जोडून घेतलेला पाळणा मोबाईलवर लावला आणि सासूबाईंचा आवाज घरभर झाला. अण्णा कोपऱ्यात, दोन्ही कानांवर हात दाबून बसले होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तसे दचकले.

"झालं का पुरं?"

"झालं, अण्णा."

"मधी तुटलं न्हाई?"

"न्हाई."

तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतले, आणि सुमित्राला म्हणाले, "आता लाव पुन्हा. ऐकतो."