तुझ्या वाटची मेंदी

पोरी, फोन जरा कानाशी धर, सदा घाईत असतेस. आज तुझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची मेंदी भिजवली आणि त्या वासानं थोरल्याच्या लग्नातली तू आठवलीस. तेव्हा तुझ्या व्हिसाला एकदा नकार आलेला, लग्न उरकताच नाशिकहून मुंबईला जाऊन पुन्हा बोटांचे ठसे द्यायचे होते. मेंदीच्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, म्हणून तू हात मागेच ठेवलेस. “सख्ख्या भावाचं लग्न नि हात कोरे?” काकूनं टोचलं. दमलेली तू वाद न घालता माझाच हात ओढलास, “आजी, माझ्या वाटची तुला काढते.” तुझे आजोबा गेल्यापासून मी मेंदी लावली नव्हती. तरी मी हात तसाच ठेवला. नखांवरचा रंग उतरायच्या आत तुझा व्हिसा आला. आता माझे हात थकलेत गं, या वेळी तुझ्या वाटची तूच लावून घे, लवकर ये.