चिनी पानासाठी गव्हाचा चीक

“हात वर! बाई, हात वर घ्या! टेकवू नका!”

ओरडले मीच, तेही चक्क मराठीत, आणि अशा दालनात, जिथे गेल्या तीस वर्षांत कोणी मोठ्यानं खोकललंही नव्हतं. माझा आवाज मुळातच दणदणीत. बाहेरच्या कालव्यातली बदकं जी उडाली ती थेट जर्मनीत उतरली असणार. मला तरी ती पुन्हा दिसली नाहीत.

बाईंना मराठीचा म येत नाही, पण त्यांचा हात थांबला. खळीत बुडवलेला ब्रश पानाच्या बोटभर वर तसाच राहिला. टोकाला थेंब लोंबायला लागला होता. मी धावत जाऊन तो तळहातावर झेलला.

बाई म्हणजे आमच्या ग्रंथालयात जुनी चिनी हस्तलिखितं दुरुस्त करणाऱ्या मुख्य कारागीर. तरुणपणी चीनमधून इथे आल्या, आता केस पांढरे. त्यांनी नुसतं रोखून पाहिलं तरी कागदाच्या सुरकुत्या जातात, हे मी शपथेवर सांगते. मी त्यांच्या हाताखाली शिकाऊ. नवऱ्याच्या नोकरीमागे नेदरलँड्सला आले, काही वर्षं झुइडओस्ट नावाच्या उपनगरात सातव्या मजल्यावरून मेट्रो मोजल्या, मग डच शिकले, कागदकामाचा कोर्स केला आणि इथे सहा महिन्यांच्या बोलीवर लागले. सहा महिन्यांत काम काय, तर ब्रश धुणं आणि श्वास आवरणं. शिंकासुद्धा मी आठवडाभर साठवायचे आणि शुक्रवारी स्टेशनवर एकदम मोकळ्या करायचे.

त्या शुक्रवारी माझी मुदत संपत होती. एका पानातलं एक भोक मी बुजवायचं आणि ते बघून मला ठेवायचं की नाही, हे बाई संध्याकाळी सांगणार होत्या.

पान हजारेक वर्षांचं. ओल लागून, बुरशी येऊन अख्ख्या पोथीची वीट झालेली. बाईंनी वाफ देत देत, बांबूच्या पातीनं एकेक पान सोडवलेलं. हे पान तर कसरीनं असं खाल्लेलं की भोकं जास्त आणि पान कमी. त्यावरचं मला एक अक्षर वाचता येत नाही. पण एका ओळीत लिहिणाऱ्याचा हात चुकला होता. त्यानं ते अक्षर खोडून बाजूला बारीकसं पुन्हा लिहिलं होतं. त्या माणसावर माझा जीव जडला होता. जेवायच्या सुट्टीत मी त्याला भेटून यायचे.

आता खळीचं. ही दुरुस्ती गव्हाच्या खळीनंच करतात, कारण ती पाण्यानं सुटते. पुढच्या कारागिराला आपलं काम सोडवता आलं पाहिजे, असं बाई सांगतात. दालनात पुड्यातलं स्टार्च असतं. मी आपली फुशारकी मारली, “बाई, गव्हाचा चीक काढावा तर आमच्याकडच्या बायकांनी!” बाई म्हणाल्या, “आण मग.” झालं. तीन दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदललं, वाटले, गाळले, निवळ वरचं पाणी ओतून टाकलं आणि त्या सकाळी घरीच शिजवून, गाळून डब्यात भरून आणला. बाईंनी रद्दी कागदावर लावून पाहिला. “चांगला धरतोय,” म्हणाल्या. एवढी स्तुती त्या वर्षातून एकदा करतात.

कॉफीच्या वेळी कपाटातला फोन पाहिला. घरून काम करणाऱ्या नवऱ्याचा मेसेज होता: ‘पातेल्यातला उरलेला चीक तूप घालून खाल्ला. फर्मास! मीठ अगदी बेताचं.’

मीठ!

कुरडयांचा चीक शिजवताना आधणात मीठ घालायचं, हे माझ्या हाताला इतकं पाठ, की त्यानं मला न विचारताच घातलं होतं. आणि मीठ हवेतली ओल ओढतं. मिठाच्या खळीनं सांधलेलं पान दर पावसाळ्यात घामेजणार, आणि या देशात पावसाळा बारा महिने. पुन्हा बुरशी. पुन्हा वीट. कपाटापासून दालनापर्यंत मी जशी पळाले तसं अजून कुठल्या शर्यतीत कोणी पळालं नसेल. पोचले तर बाई मला दाखवायला म्हणून पहिलं भोक स्वतः बुजवायला वाकलेल्या.

“काय झालं?” ब्रश तसाच धरून बाईंनी विचारलं.

माझ्याकडे तीन थापा तयार होत्या. ब्रशला केस आहे, ही सगळ्यात बरी. थापा मारण्यात माझा हात धरणारा पार आर्नहेम शहरापर्यंत कोणी नाही. पण नजर त्या खोडलेल्या अक्षराकडे गेली. त्या बिचाऱ्यानं तर चूक सगळ्यांसमोर ठेवली होती.

“मीठ पडलंय खळीत,” मी म्हटलं. “माझ्या हातून. सवयीनं.”

बाईंनी ब्रश बाजूला ठेवला. पानावर मऊ कागद पांघरला, झोपलेल्या बाळावर दुपटं टाकावं तसा. मग डब्यात करंगळी बुडवून चाटली. पुन्हा बुडवली.

“हे तुम्ही खाता?”

“गरम असताना. तूप घालून.”

“हं.” त्यांनी कपाटातून दोन चमचे काढले. हात धुवायच्या बेसिनपाशी उभ्या राहून आम्ही दोघींनी त्या पोथीची खळ खाल्ली, थंडगार, तुपाशिवाय. बाईंनी डबा खरवडला, विसळला, पुसून माझ्या हातात दिला. संध्याकाळ झाली. शेवटी कोट चढवता चढवता मीच विचारलं, “बाई, मी सोमवारपासून यायचं की नाही?”

“गहू आजच भिजत घाल,” त्या म्हणाल्या. “तीन दिवस लागतात.”