बेढब शिक्क्याची कबुली

माझ्या दादाला चूक दिसली की गप्प बसवत नाही. दुकानाची पाटी असो, औषधाच्या बाटलीवरचा कागद असो, नाही तर कुणाच्या घरावरची नावाची फळी, तो चष्मा कपाळावर सरकवून रस्त्यातच उभा राहतो. "ही दोन अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेललीत बघ," असं म्हणतो आणि मी पुढे निघून गेलेय हे त्याच्या गावीही नसतं. त्याच्या या खोडीपायी माझ्या किती बस चुकल्या त्याचा हिशेबच नाही.

त्याचा धंदा रबरी शिक्क्यांचा. दुकान एकच, पण अर्धं त्याचं, अर्धं माझं. माझ्या बाजूला झेरॉक्सचं मशीन, त्याच्या बाजूला दिवा, भिंग, रबराच्या पट्ट्या आणि लाकडी मुठींचा खोका. गल्लीतले सगळे शिक्के आता मशीनवर होतात, हा बाबा अजून पातं घेऊन हाताने कोरतो. उलटी अक्षरं त्याला सरळ अक्षरांपेक्षा लवकर वाचता येतात. आम्ही दोघंही बिनलग्नाचे, घरी आई, असं आमचं बरं चाललं होतं.

एके दिवशी दुपारी एक साहेब दुकानात आले. साधे कपडे, गोड बोलणं, बरोबर दोन माणसं. आल्या आल्या ओळख दिली की आपण तपास अधिकारी आहोत. जमिनीच्या खोट्या कागदांवर एका सरकारी कचेरीचा बनावट शिक्का सापडलाय, आणि पकडलेला माणूस म्हणतो की तो तुमच्याकडून करून घेतला. मी घाबरले. दादा मात्र हात पुढे करून म्हणाला, "बघू तो शिक्का."

साहेबांनी त्याचा ठसा असलेला कागद दिला. दादाने भिंग लावलं आणि त्याचा पाराच चढला. "हा माझा? अहो, हा गोल तरी आहे का? डावीकडे दबलाय. आतल्या ओळीत चार अक्षरांना जागा आहे, याने पाच कोंबलीत. खऱ्या शिक्क्यात मधली रेघ बारीक असते."

"खरा तुम्ही नीट पाहिलाय वाटतं, काका?" साहेबांनी विचारलं.

"शेकडो कागदांवर पाहिलाय. ही रोज झेरॉक्स काढते ना त्यांच्या."

"मग तुम्ही केला असता तर कसा केला असता?"

एवढंच विचारलं. दम नाही, धमकी नाही. दादाने रबराचा तुकडा ओढला, पातं घेतलं आणि मान खाली घातली. मी काय केलं सांगू? मी चहा टाकला. वर त्या दोन माणसांना कौतुकाने सांगितलं की बघाच आता, हात कसा चालतो ते. तासाभरात शिक्का तयार झाला. दादाने तो शाईच्या उशीवर टेकवून कागदावर उमटवला आणि साहेबांसमोर सरकवला. "आता सांगा, ज्याला हे येतं तो ते करील का?"

साहेबांनी ठसा उजेडात धरून पाहिला, मान डोलावली आणि शिक्का पाकिटात घालून लाखेने बंद केला. बरोबरची दोन माणसं पंच होती. त्यांनी पाकिटावर सह्या केल्या, दादानेही केली. चहा छान झाला होता असं मला सांगून ते दादाला घेऊन गेले.

आम्हाला वकील ठेवणं परवडणार नव्हतं, तेव्हा कोर्टाने एक दिली. तरुण मुलगी, फायलींचा ढीग छातीशी धरून धावणारी, पण मनाने सरळ. पहिल्याच भेटीत तिने दादाला विचारलं, "काका, तुम्हाला गप्प बसायचा हक्क होता, हे कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. छापील कागद वाचून दाखवला त्यांनी."

"मग?"

"पण तो शिक्का माझा म्हणत होते हो."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मग फाईल मिटून तिने आम्हाला शांतपणे सगळं समजावलं. आरोप दोन आहेत. पहिला मोठा: फसवणुकीसाठी जाणूनबुजून बनावट शिक्का केला. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. दुसरा लहान: कचेरीचं पत्र नसताना सरकारी शिक्का केला. त्याला फार तर वर्षभर. गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, दादाने स्वतःचं निर्दोषपण सिद्ध करायची गरज नाही. हे ऐकून माझ्या जिवात जीव आला.

"मग सुटेलच की तो!"

"ताई, ते पाकीट कोर्टाच्या टेबलावर असणार आहे," ती म्हणाली. "दुकानात बसून, खऱ्याचा नमुना समोर नसताना यांनी खरा शिक्का हुबेहूब केला. याहून चांगला पुरावा सरकारला मला स्वतःलाही देता आला नसता."

जामीन मिळाला नाही. बाहेर सोडलं तर आणखी शिक्के करतील, असं सरकारी वकील म्हणाले. साक्षीदार एकतीस होते. एका तारखेला साक्षीदार आला नाही, एकीला सरकारी वकील आजारी, एकीला न्यायाधीशांची बदली. आठ महिन्यांत दोन साक्षी झाल्या. मी दर आठवड्याला तुरुंगाच्या दारात रांगेत उभी राहायचे, वीस मिनिटं जाळीपलीकडे त्याला पाहायचे आणि आईला घरी येऊन सांगायचे की बरा आहे. थापा मारायची मला सवय झाली. दुकानात गिऱ्हाईक उरलं नव्हतं. चिडून मी एकदा भेटीतच ओरडले, "कुणी सांगितलं होतं तुला हुशारी दाखवायला?" त्याने मान खाली घातली.

त्यानंतरच्या भेटीत मी त्याला वकीलबाईंनी दिलेला अर्ज जाळीला धरून दाखवला. त्यात चुका होत्या. एका ओळीत तर त्याचा व्यवसाय 'रबरी शिके' असा छापला होता. त्याने वाचलं. बोट तिथे थांबलेलं मला दिसलं. पण चुकीबद्दल तो काही बोलला नाही, "ठीक आहे" म्हणाला आणि सही कुठे करायची ते विचारलं. मी घाबरले. हा माणूस आतून संपत चाललाय, हे मला त्या क्षणी कळलं.

त्याच आठवड्यात सरकारी वकिलांकडून निरोप आला. लहान आरोप कबूल करा, मोठा आम्ही सोडून देतो. आत काढलेले महिने शिक्षेत धरले जातील आणि तो त्याच दिवशी घरी येईल. वकीलबाईंनी दुसरी बाजूही सांगितली. "कबुली म्हणजे गुन्हा. नोंद कायमची राहते. शिक्क्यांचा परवाना रद्द होईल, पुन्हा मिळणार नाही. आणि लढायचं तर सुटण्याची आशा अर्धी-अर्धी. किती वर्षं लागतील ते मला सांगता येत नाही. निर्णय मात्र फक्त त्यांचा. तुमचा नाही, माझाही नाही."

दादाने लगेच नकार दिला. कबूल काय करू? तो दबलेला शिक्का मी केला, असं? त्याचा आवाज चढला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मला तो माझा दादा वाटला. तरी मी ऐकलं नाही. आईचं सांगितलं. ती रोज दाराकडे तोंड करून बसते, हे खरं होतं. ती फार दिवसांची सोबती नाही असं डॉक्टर म्हणाले, हे मी रचलं. माझे पाय दुखतात म्हणाले. तो नाहीच म्हणत राहिला, तेव्हा म्हणाले, "मग मी येणार नाही यापुढे भेटायला." खरं सांगते, मी दमले होते. मला तो हवा होता आणि ती रांग नको होती, आणि यातलं कुठलं जास्त हे आजही मला सांगता येणार नाही.

त्याने जाळीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "बरं."

कोर्टात त्याला पुढे उभं केलं. न्यायाधीशबाई वयस्कर होत्या, आवाज मऊ. कबुली घ्यायच्या आधी आरोपीला काही गोष्टी विचाराव्याच लागतात, त्याच्याच रक्षणासाठी कायद्याने ते नेमून दिलंय, असं वकीलबाईंनी मला सांगितलं होतं. न्यायाधीशबाईंनी हातातला पेन खाली ठेवला.

"आरोप समजला का?"

"समजला."

"कबुली दिली नाहीत तर खटला चालवण्याचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. हे माहीत आहे?"

"आहे."

"तुमच्यावर कुणी दबाव टाकलाय का? पोलिसांनी, वकिलांनी, घरच्यांनी? निर्धास्तपणे सांगा. आत्ता सांगितलंत तर मी ही कबुली घेणार नाही."

दादाने मागे वळून पाहिलं. मी सापडेपर्यंत एकेक बाक पाहिला त्याने. मग तो पुढे वळला.

"नाही, बाईसाहेब. कुणीच नाही."

न्यायाधीशबाई लगेच लिहायला लागल्या नाहीत. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्या बाकांकडेही पाहिलं, कुणी काही बोलतंय का म्हणून. मी हातातली पिशवी घट्ट धरून बसून राहिले.